मधल्या सुट्टीचा कायदा : अमेरिकेतल्या एका वादाची पार्श्वभूमी

मधल्या सुट्टीसाठी कायदा करावा लागतो, हे ऐकायलाच चमत्कारिक वाटतं. पण गेल्या दहाएक वर्षांत अमेरिकेतल्या अर्धा डझनाहून जास्त राज्यांनी तो केला आहे. कुठे २० मिनिटं, कुठे ३०. कॅलिफोर्नियाचा कायदा २०२४-२५ च्या शालेय वर्षापासून लागू झाला, तेव्हा हा विषय पुन्हा चर्चेत आला. बातम्यांचा सूर असा होता, की डॉक्टरांनी सांगितलं, सरकारने ऐकलं आणि मुलांना खेळायला मिळालं. प्रत्यक्षातली गोष्ट इतकी सरळ नाही. ती समजायला शिकागोच्या घड्याळात डोकवावं लागतं.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत मधली सुट्टी म्हटलं की खाणं, पाणी, लघवी, पकडापकडी सगळं एकाच घंटेत येतं. अमेरिकन वेळापत्रकात त्याचे वेगवेगळे रकाने असतात. जेवण एका रकान्यात, रिसेस म्हणजे मोकळ्या खेळाची वेळ दुसऱ्यात, आणि शारीरिक शिक्षणाचा तास तिसऱ्यात, तोही रोज असेलच असं नाही. त्यामुळे ‘आमच्या शाळेत मुलांना रोज ४० मिनिटांची सुट्टी आहे’ असं मुख्याध्यापक म्हणाले, तर त्यातली ३० जेवणाच्या रांगेत गेलेली असू शकतात. या विषयावरचे निम्मे वाद दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी मोजत असल्यामुळे झालेले आहेत. पुढे जिथे ‘सुट्टी’ म्हटलं आहे, तिथे फक्त मोकळ्या खेळाची वेळ समजावी.

सुट्टी काढून टाकायची कल्पना काल-परवाची नाही. १८८० च्या दशकात काही शहरांनी ‘सुट्टीविना शाळा’ करून पाहिली होती. मुलं थंडीत आजारी पडतात, मारामाऱ्या करतात, एकमेकांकडून घाणेरड्या शिव्या शिकतात, असे आक्षेप होते. शिवाय सुट्टी काढली की शाळा लवकर सुटते, हा मोठा फायदा सांगितला जाई. त्यावर शिक्षणतज्ज्ञांमध्ये बरीच जुंपली आणि सुट्टी टिकली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रीडांगणांची चळवळ आली, आणि शाळेला मैदान हवं हे इतकं पक्कं झालं की कुणी ते बोलूनही दाखवेना. लवकर सुटण्याचा मुद्दा मात्र लक्षात ठेवावा. तो पुढे शिकागोत परत आला.

शिकागोच्या बहुतेक सार्वजनिक प्राथमिक शाळांत दोन-तीन दशकं सुट्टी जवळजवळ नव्हती. ती रद्द करण्याचा ठराव कुणी वाजतगाजत केला नव्हता. जे झालं त्याचं नाव होतं ‘क्लोज्ड कॅम्पस’, म्हणजे बंद आवार. नाव ऐकून वाटतं, फाटकाला कुलूप लावलं असेल. खरा बदल वेळापत्रकात होता. शिक्षकांना करारानुसार जेवणासाठी ४५ मिनिटं मिळत, आणि त्या वेळात त्यांच्यावर मुलांची जबाबदारी नसे. ‘खुल्या आवारा’त ही ४५ मिनिटं दुपारी यायची. तेवढ्यात मुलं जेवणार, खेळणार, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला शाळेने दुसरी माणसं लावायची. ‘बंद आवारा’त शिक्षकांची ही ४५ मिनिटं उचलून दिवसाच्या शेवटी नेऊन ठेवली. शाळा सुटल्यावर जेवायची सुट्टी! म्हणजे शिक्षकही मुलांबरोबरच घरी जायला मोकळे. मुलांच्या वाट्याला दुपारची वीसेक मिनिटं आली, तेवढ्यात खायचं आणि परत वर्गात बसायचं. नऊला भरलेली शाळा पावणेतीनला सुटायची. पाच तास पंचेचाळीस मिनिटांचा हा दिवस देशातल्या मोठ्या शहरांत सर्वांत आखूड दिवसांपैकी होता.

मधली सुट्टी शेवटी गेली आणि तिच्यातलं ‘मधलं’पण गेलं, इतकी ही साधी गोष्ट.

कारण म्हणून सांगितली गेली ती सुरक्षितता. मैदानावर बाहेरची माणसं येतात, आसपास टोळ्या आहेत, दुपारी बाहेर सोडलेलं मूल परत येईल की नाही याची खात्री नाही. शहराच्या काही भागांत ही भीती अजिबात खोटी नव्हती. पण तीच व्यवस्था जिथे तसा धोका नव्हता अशा वस्त्यांतही रुजली, कारण ती सगळ्यांच्याच सोयीची होती. शिक्षक लवकर मोकळे होत. देखरेखीच्या माणसांचा पगार वाचल्यामुळे प्रशासन खूश असे. काही पालकांनाही मूल दिवसाउजेडी घरी आलेलं बरं वाटे. नंतर सगळा ठपका शिक्षक संघटनेवर ठेवण्याची पद्धत पडली, ती मला पटत नाही. करारावर सह्या दोन्ही बाजूंच्या असतात, आणि मैदानावर उभं राहणाऱ्या माणसाचे पैसे शहराने द्यायचे होते. आपल्या शाळेत सुट्टी परत आणायची, तर शिक्षकांना पुन्हा वेळापत्रक बदलायला राजी करावं लागे. काही शाळांतल्या पालकांनी ही खटपट केलीही, पण एकेक शाळा धरून.

सुट्टी परत आली ती २०१२-१३ मध्ये, आणि भलत्याच गाडीत बसून आली. नव्या महापौरांना शाळेचा दिवस लांबवायचा होता. आधी साडेसात तासांचा प्रस्ताव आला, पालकांच्या आणि शिक्षकांच्या विरोधानंतर तो सात तासांवर उतरला. सप्टेंबर २०१२ मध्ये शिक्षकांचा संप झाला, शाळेचे सात दिवस बुडाले. शहरात तसा संप २५ वर्षांत झाला नव्हता. भांडण पगार, मूल्यमापन आणि नोकरीच्या हमीचं होतं. सुट्टीला दोन्ही बाजूंपैकी कुणाचाच विरोध नव्हता, आणि म्हणूनच तिच्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. लांबलेल्या दिवसात शिक्षकांचं जेवण पुन्हा दुपारी आलं आणि त्याच्यासोबत मुलांची सुट्टीही. काही शाळांना तेव्हा खेळायला धड जागाच नव्हती. मैदानावर काय करायचं असतं, हे मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही नव्याने ठरवावं लागलं.

देशात इतरत्र सुट्टी गेली ती परीक्षांमुळे. १९८३ मध्ये एका राष्ट्रीय अहवालाने अमेरिकन शिक्षणाची घसरण झाल्याचा गजर केला आणि शाळेतला वेळ अभ्यासालाच हवा, हा सूर लागला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अटलांटाने तर मैदानच नसलेली नवी प्राथमिक शाळा बांधली. खेळण्याच्या दांड्यांना लोंबकळून गुण वाढत नाहीत, अशा अर्थाचं विधान तिथल्या सगळ्या सरकारी शाळांच्या प्रमुखांनी केलं. ते सुट्टी काढण्याच्या विरोधकांना आजही तोंडपाठ आहे. २००२ च्या सुरुवातीला सही झालेल्या संघीय कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताच्या चाचण्या सक्तीच्या केल्या. पाच वर्षांनी झालेल्या एका पाहणीत पाचातल्या एका शाळा-जिल्ह्याने (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाने) सुट्टीची वेळ घटवल्याचं सांगितलं. गणिताच्या तासाला वाली असतो, वाचनालाही असतो. सुट्टी कुणाचाच विषय नसल्याने मिनिटं हवी असली की ती तिथूनच काढली जात.

२००९ मध्ये आठ-नऊ वर्षांच्या सुमारे ११ हजार मुलांच्या नोंदींवरचा अभ्यास छापून आला. जवळपास ३० टक्के मुलांना सुट्टी नव्हती किंवा नावापुरती होती. ज्यांना दिवसातून निदान १५ मिनिटं मिळत, त्यांचं वर्गातलं वागणं शिक्षकांच्या मते अधिक बरं होतं. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण घोषणेला आकडा मिळाला. २०१३ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने भूमिका मांडली, की शिक्षा म्हणून किंवा राहिलेला अभ्यास भरून काढायला सुट्टी कापू नये. शिक्षेचा हा मुद्दा आकड्यांपेक्षा जास्त झोंबणारा होता. गृहपाठ न केलेल्या, चुळबुळ करणाऱ्या मुलाला भिंतीशी उभं करायचं किंवा बाकावर बसवून ठेवायचं, हे शिक्षकाच्या हातातलं सर्वांत सोपं हत्यार. ज्याला पळण्याची सगळ्यात जास्त गरज, नेमका तोच आत बसलेला.

मग कायद्यांची रांग लागली. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी २०१६ मध्ये २० मिनिटांच्या विधेयकाला ‘मूर्खपणा’ म्हणत नकाराधिकार वापरला, पुढच्या गव्हर्नरांनी २०१८ मध्ये तसल्याच विधेयकावर सही केली. फ्लोरिडात शिकागोचीच पुनरावृत्ती झाली. तिथल्या मुलांच्या आयांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि २०१७ मध्ये रोज सलग २० मिनिटांची सुट्टी मिळाली ती चार्टर शाळांना, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांना, पैसा देणाऱ्या एका भल्यामोठ्या वादग्रस्त विधेयकाच्या शेपटाला बांधून. सरकारी शाळांची बाजू घेणाऱ्या पालकांना ते विधेयक नको होतं, पण सुट्टी हवी होती. वर खुद्द चार्टर शाळांना सुट्टीची सक्ती नव्हती! २०२३ मध्ये नियम कमी करण्याच्या एका मसुद्यात ही सक्तीच पुसली जाणार होती. आया पुन्हा जमल्या आणि ते कलम मागे घेतलं गेलं.

कॅलिफोर्नियात नेहमीच्या दिवशी ३० मिनिटं आहेत, आणि कुणाच्या शारीरिक सुरक्षिततेला तात्काळ धोका असेल तरच मुलाची सुट्टी रोखता येते. मला मात्र इलिनॉयचा २०२१ चा कायदा जास्त जाणता वाटतो, कदाचित शिकागो त्याच राज्यात असल्यामुळे. बालवाडी ते पाचवीपर्यंत रोज ३० मिनिटं. तुकडे करता येतात, पण १५ मिनिटांहून लहान नाही. शारीरिक शिक्षणाचा तास यात धरायचा नाही, फोन-टॅबलेटवर घालवलेली वेळही नाही. आणि बाहेर खेळायला जाण्यासाठी कपडे चढवायला-उतरवायला लागणारी मिनिटंही मोजायची नाहीत. शिकागोच्या जानेवारीत पंचवीस पोरांचे कोट, टोप्या, हातमोजे आणि अडकलेल्या चेनी ज्याने एकदा तरी सांभाळल्या असतील, त्यानेच हे कलम सुचवलं असणार.