दुःखाला पाच पायऱ्या नसतात

घरातलं कुणी गेलं की मोबाइलवर तो मेसेज येतोच: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार; हे पाच टप्पे ओलांडले की माणूस सावरतो. हे खरं नाही. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांना पाहून नव्हे. ते ठरावीक क्रमाने येत नाहीत, हेही पुढे त्यांनीच सांगितलं.

आई गेल्यावर कळव्याच्या घरी मी तिच्या साड्यांची गोधडी शिवायला घेतली. पदराला अजून कापराचा वास होता. कधी चार टाके घालून उठायचे, कधी पहाट व्हायची. "तेरावा झाला, आता पुरे," असं शेजारी कळकळीने म्हणायचे. पण आपली रीत तरी तेराव्याला कुठे थांबते? वर्षश्राद्ध असतं, दर पितृपक्षात पान वाढलं जातं. जात्यावरच्या ओव्यांत तर बायकांनी गेलेल्या आईला वर्षानुवर्षं हाका मारल्या, दळणासोबत.

गोधडीची एक कड अजून बाकी आहे. पितृपक्षात पुन्हा हातात घेईन.