रोमिप्लोस्टिम

रोमिप्लोस्टिम : रक्तातील प्लेटलेटची संख्या वाढवण्यासाठी त्वचेखाली टोचले जाणारे जैविक औषध. इम्यून थ्रोम्बोसायटोपेनिया (आयटीपी) या आजारात ते मुख्यतः वापरतात. ॲमजेन या कंपनीने ते विकसित केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २००८ मध्ये आणि युरोपीय संघाने २००९ मध्ये त्याला मान्यता दिली. एनप्लेट हे त्याचे मूळ व्यापारी नाव. हे औषध प्लेटलेटचा नाश थांबवत नाही, अस्थिमज्जेतील त्यांची निर्मिती वाढवते. त्याची मात्रा, त्याचे फायदे आणि त्याचे धोके या एका गोष्टीतून समजतात.

आजार आणि शरीराचा अपुरा प्रतिसाद

निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. एक प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते, त्यामुळे अस्थिमज्जेला रोज सुमारे १०० अब्ज नव्या प्लेटलेट तयार कराव्या लागतात. आयटीपीमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेटविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. ही प्रतिपिंडे चिकटलेल्या प्लेटलेट प्लीहेत आणि यकृतात गिळून नष्ट केल्या जातात. त्वचेवर लाल ठिपके, काळेनिळे डाग, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पाळीच्या वेळी अतिरक्तस्राव ही नेहमीची लक्षणे. मेंदूतील रक्तस्राव क्वचित होतो, पण या आजाराची खरी भीती तीच आहे.

प्लेटलेट नष्ट करणारा घटक रक्तातच असतो, हे १९५० साली सेंट लुइस येथील विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने स्वतःवर प्रयोग करून दाखवले. एका आयटीपी रुग्णाचे सुमारे अर्धा लिटर रक्त त्याने स्वतःच्या शरीरात घेतले आणि काही तासांतच त्याच्या प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत घसरल्या. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही, पण पुढच्या अनेक दशकांच्या उपचारांची दिशा त्याने ठरवली. स्टेरॉइड, शिरेतून दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन, शस्त्रक्रियेने प्लीहा काढणे, नंतर आलेले रिटुक्सिमॅब (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना लक्ष्य करणारे औषध) या सगळ्यांचा रोख नाश रोखण्याकडेच राहिला.

निर्मितीच्या बाजूकडे मात्र बराच काळ दुर्लक्ष झाले. अस्थिमज्जेतील मेगाकॅरिओसाइट या मोठ्या पेशींपासून प्लेटलेट सुटतात आणि या पेशींना वाढण्याचा आदेश थ्रोम्बोपोएटिन हे संप्रेरक देते. यकृत ते जवळजवळ ठरावीक वेगाने बनवत राहते. रक्तातल्या प्लेटलेट आणि मज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट ते पकडून रक्तातून काढून टाकतात. या पेशी कमी असतील तर संप्रेरक शिल्लक राहते आणि मज्जेला जोराचा इशारा मिळतो. अप्लास्टिक ॲनिमियात मज्जाच रिकामी झालेली असते, म्हणून तिथे थ्रोम्बोपोएटिनची पातळी खूप चढते. आयटीपीत तसे होत नाही. मज्जेत मेगाकॅरिओसाइट भरपूर असतात, आणि नव्या प्लेटलेट नष्ट होताना पकडलेले संप्रेरक सोबत घेऊन जातात. परिणामी प्लेटलेट १० हजारांवर आल्या तरी थ्रोम्बोपोएटिनची पातळी निरोगी माणसापेक्षा फारशी वर जात नाही. शिवाय अनेक रुग्णांत तीच प्रतिपिंडे मेगाकॅरिओसाइटच्या कामातही अडथळा आणतात. म्हणजे नाश वाढलेला असतो आणि निर्मिती त्या प्रमाणात वाढत नाही. बाहेरून इशारा दिला तर मज्जा ही तूट भरून काढील, असा तर्क या औषधामागे आहे.

एका अपयशातून आलेली रचना

थ्रोम्बोपोएटिन १९९४ साली एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांनी वेगळे काढले. लगेच त्याची कृत्रिम रूपे तयार झाली. त्यांतले एक, पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेले संक्षिप्त रूप, निरोगी स्वयंसेवकांना आणि प्लेटलेटदात्यांनाही देऊन पाहण्यात आले. सुरुवातीला प्लेटलेट छान वाढल्या. नंतर काहींच्या शरीराने त्या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे बनवली, आणि औषध मूळ संप्रेरकासारखेच असल्यामुळे या प्रतिपिंडांनी माणसाचे स्वतःचे थ्रोम्बोपोएटिनही निकामी केले. धडधाकट माणसांच्या प्लेटलेट दीर्घकाळ खाली राहिल्या. १९९८ मध्ये त्या औषधाचे काम थांबवावे लागले.

पुढच्या संशोधकांना यातून एक कठोर अट मिळाली : थ्रोम्बोपोएटिनच्या ग्राहीला (पेशीवरील ज्या रेणूला ते चिकटून आदेश देते त्याला) जागे करायचे, पण थ्रोम्बोपोएटिनसारखे दिसायचे नाही. १९९७ साली अवघ्या १४ अमिनो आम्लांचा एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यासारखी साखळी, प्रसिद्ध झाला होता. विषाणूंच्या पृष्ठभागावर असंख्य पेप्टाइड मांडून त्यांतून ग्राहीला चिकटणारे निवडण्याच्या तंत्राने तो सापडला होता. त्याच्या क्रमाचे मूळ संप्रेरकाशी साम्य नव्हते, तरी दोन पेप्टाइड जोडले की ते मूळ संप्रेरकाच्या तोडीचे काम करत. अडचण एवढीच होती की इतका लहान रेणू शरीरातून झपाट्याने बाहेर पडतो.

रोमिप्लोस्टिममध्ये या अडचणीवर सुबक उत्तर आहे. मानवी आयजीजी-१ या प्रतिपिंडाचा एफसी नावाचा खालचा भाग घेऊन त्याच्या दोन साखळ्यांना प्रत्येकी दोन, असे एकूण चार पेप्टाइड जोडले आहेत. पेप्टाइड ग्राहीला चालना देतात आणि एफसी भागामुळे रेणू पेशींत मोडला न जाता पुन्हा रक्तात परततो, म्हणून आठवड्यातून एक इंजेक्शन पुरते. अशा जोडरेणूंना पेप्टिबॉडी म्हणतात आणि उपचारासाठी मान्यता मिळालेली ही पहिली पेप्टिबॉडी. ती ई. कोलाय या जिवाणूंत तयार केली जाते. तिच्याविरुद्ध काही रुग्णांत प्रतिपिंडे बनतात. ती औषधाला निष्प्रभ करू शकतात, पण शरीरातील थ्रोम्बोपोएटिनवर उलटत नाहीत. रेणूची सगळी आखणी याचसाठी होती.

मान्यतेचा आधार ठरलेल्या दोन चाचण्या २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या २४ आठवड्यांच्या होत्या. प्लीहा काढूनही आजार आटोक्यात न आलेल्या ४२ रुग्णांना औषध दिले, त्यांपैकी १६ जणांच्या प्लेटलेट टिकाऊपणे वाढल्या. नकली औषध घेतलेल्या २१ पैकी एकाच्याही नाही. प्लीहा असलेल्या गटात हेच आकडे ४१ पैकी २५ आणि २१ पैकी १ असे होते. पहिल्या गटाचे यश आकड्याने लहान वाटले तरी महत्त्वाचे आहे, कारण त्या रुग्णांपुढे दुसरे पर्याय फारसे उरलेले नव्हते. २०१८ च्या अखेरीस अमेरिकेत एक वर्षावरील मुलांसाठीही मान्यता मिळाली.

मात्रा आणि देण्याची पद्धत

मात्रा वजनावर ठरते आणि प्लेटलेटच्या संख्येवर बदलते. आयटीपीसाठी नेहमीची सुरुवात आठवड्याला दर किलो वजनामागे १ मायक्रोग्रॅम अशी असते. संख्या ५० हजारांच्या वर जाईपर्यंत दर आठवड्याला किलोमागे १-१ मायक्रोग्रॅमने मात्रा वाढवतात. कमाल मर्यादा दर किलोमागे १० मायक्रोग्रॅम. संख्या फार वर गेली तर मात्रा कमी करतात आणि ४ लाखांच्या पुढे गेली तर इंजेक्शन थांबवतात. कमाल मात्रा चार आठवडे देऊनही रक्तस्राव टळेल इतकी वाढ झाली नाही, तर औषध बंद करावे असे निर्देश आहेत.

उद्दिष्ट ५० हजारांचे आहे, दीड लाखाचे नाही, हे रुग्णाला आणि नातेवाइकांना समजावून सांगणे फार गरजेचे असते. अहवालातली संख्या ‘नॉर्मल’ व्हावी ही ओढ स्वाभाविक आहे. पण औषध द्यायचे ते रक्तस्राव टाळण्यासाठी, आणि ५० हजारांच्या वर आपोआप गंभीर रक्तस्राव होण्याची शक्यता कमी असते. त्याहून वर नेण्याच्या हट्टात रक्तात गुठळी होण्याचा धोका ओढवून घेतला जातो.

औषध कोरड्या भुकटीच्या रूपात कुपीत येते. ते २ ते ८ अंश सेल्सियसला, प्रकाशापासून दूर ठेवतात. इंजेक्शनच्या शुद्ध पाण्यात विरघळवताना कुपी हळूच फिरवायची, जोराने हलवून फेस येऊ द्यायचा नाही. तयार द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये ५०० मायक्रोग्रॅम औषध असते. ६० किलो वजनाच्या माणसाची पहिली मात्रा ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे फक्त ०.१२ मिलिलिटर. इतक्या थोड्या द्रावणात दशांश चिन्हाची किंवा सिरिंजच्या रेषेची एक चूकही मात्रा कित्येक पट बदलू शकते, म्हणून ०.०१ मिलिलिटरच्या खुणा असलेली सिरिंजच वापरावी लागते.

परिणाम दिसायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, कारण नव्या पेशी वाढून प्लेटलेट सुटायला तेवढा वेळ लागतोच. त्यामुळे तातडीच्या रक्तस्रावात केवळ याच्यावर विसंबता येत नाही. तिथे इम्युनोग्लोब्युलिन, स्टेरॉइड आणि गरज पडल्यास प्लेटलेट चढवणे हे उपाय करावे लागतात. डेंग्यूसारख्या तापात प्लेटलेट काही दिवसांत आपोआप वाढू लागतात, आणि हे औषध त्यासाठी मान्यताप्राप्त नाही.

दुष्परिणाम आणि सावधगिरी

डोकेदुखी, सांधे व स्नायू दुखणे, चक्कर, झोप न लागणे हे त्रास बऱ्याच जणांना होतात आणि सहसा सौम्य असतात. गंभीर धोक्यांपैकी रक्तात गुठळी होणे हा प्रमुख. ज्यांना आधी गुठळी झाली आहे किंवा तिची जोखीम आहे, त्यांच्यात तोलूनमापूनच निर्णय घेतात. मेगाकॅरिओसाइटना सतत चालना मिळाल्याने काही रुग्णांच्या मज्जेत रेटिक्युलिनचे (आधार देणाऱ्या जाळीचे) तंतू वाढतात. औषध थांबवल्यावर ते बहुधा कमी होतात. रक्ताच्या काचपट्टीवर विचित्र आकाराच्या किंवा अपक्व पेशी दिसू लागल्या तर मज्जेची तपासणी करावी लागते.

मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या मज्जेच्या विकारातील प्लेटलेट-न्यूनतेसाठी हे औषध द्यायचे नसते. त्या रुग्णांवरील एक चाचणी तीव्र रक्तकर्करोगात रूपांतर होण्याच्या शंकेमुळे २०११ मध्ये लवकर थांबवली गेली. पुढच्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यात औषध आणि नकली औषध घेतलेल्या दोन्ही गटांत तसा फरक दिसला नाही, तरी इशारा कायम आहे. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी निदान आयटीपीचेच आहे ना, याची खात्री करणे ही सर्वांत मोठी सावधगिरी ठरते.

इतर उपयोग आणि जवळची औषधे

जपानमध्ये अप्लास्टिक ॲनिमियासाठीही हे औषध वापरले जाते. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेने तीव्र किरणोत्सर्गाने मज्जा दबलेल्या व्यक्तींसाठी दर किलोमागे १० मायक्रोग्रॅमची एकच मात्रा मंजूर केली. अशी चाचणी माणसांवर घेणे अशक्य असल्याने तिथे परिणामकारकतेचा पुरावा प्राण्यांवरील प्रयोगांतून घेतला गेला.

एल्ट्रोम्बोपॅग आणि अव्हाट्रोम्बोपॅग ही त्याच ग्राहीवर काम करणारी तोंडाने घ्यायची औषधे. गोळी सोयीची असते, पण एल्ट्रोम्बोपॅग घेताना दूध, कॅल्शियम, लोह यांपासून काही तासांचे अंतर ठेवावे लागते आणि यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. रोमिप्लोस्टिमला आहाराचे बंधन नाही, मात्र दर आठवड्याचे इंजेक्शन चुकवता येत नाही. एकाचा उपयोग झाला नाही तर दुसऱ्याचा होऊ शकतो, म्हणून या गटात औषध बदलून पाहण्याची पद्धत रूढ आहे.

पूर्वी हे औषध आयुष्यभर घ्यावे लागेल असा समज होता. आजार सुरू होऊन सहा महिन्यांहून कमी काळ झालेल्या ७५ प्रौढांच्या एका अभ्यासात सुमारे एक-तृतीयांश रुग्ण औषध थांबल्यावरही किमान २४ आठवडे सुरक्षित पातळीवर राहिले. थांबवताना मात्रा हळूहळू उतरवतात. औषध अचानक बंद केल्यास संख्या उपचारापूर्वीपेक्षाही खाली जाऊ शकते. रुग्ण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत असेल तर हा काळ अधिक जोखमीचा, म्हणून शेवटच्या इंजेक्शननंतर किमान दोन आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी करतात.