गोंदण

सुईने त्वचेत बारीक छिद्रे पाडून त्यांत काजळीसारखे द्रव्य भरल्याने उठणारी कायमची खूण किंवा नक्षी. या क्रियेस गोंदणे आणि ती करणाऱ्या स्त्रीस गोंदणारीण म्हणतात. हिंदीतील ‘गोदना’ हा शब्द याच कुळातला असून त्याच्या मुळाशी टोचण्याचा अर्थ आहे. ‘गोंड’ या जमातीच्या नावाशी दिसणारे साम्य वरवरचे असावे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) हा शब्द नोंदलेला आहे. शहरी बोलण्यात आता रुळलेला ‘टॅटू’ मूळचा पॉलिनीशियन. कॅप्टन कुकच्या १७६९ मधील ताहिती भेटीनंतर तो युरोपीय भाषांत शिरला.

गोंदण व डागणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. गोंदणात रंगद्रव्य त्वचेखाली जाते, डागण्यात भाजलेल्या जागेचा व्रण राहतो. माध्व व श्रीवैष्णव संप्रदायांतील तप्तमुद्रा (तापवलेल्या शंख-चक्रांचे अंगावर उमटवलेले ठसे) हा दुसरा प्रकार होय. संस्कृत काव्यांत स्त्रियांच्या गालांवर व स्तनांवर येणारी पत्रलेखा काही अभ्यासक गोंदणाचा पुरावा मानतात, पण ती चंदन, केशर अशा लेपांनी रेखलेली, धुऊन जाणारी सजावट असल्याचे वर्णनांवरूनच दिसते. मनुस्मृतीत (९.२३७) महापातक्यांच्या कपाळी खूण करण्यास सांगितले आहे : चोरास कुत्र्याचा पाय, मद्यप्याला दारूच्या गुत्त्याचे चिन्ह, ब्रह्मघ्नास (ब्राह्मणाची हत्या करणाऱ्यास) शिर नसलेला पुरुष. तेथेही तापलेल्या लोखंडाचा डाग अभिप्रेत असण्याचा संभव अधिक. ग्रंथांच्या आधारे भारतातील गोंदणाचे प्राचीनत्व ठरविणे त्यामुळे अवघड होते. दंड म्हणून गोंदल्याचा निःसंदिग्ध दाखला बराच अलीकडचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील १७९७ च्या कायद्यानुसार जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदत. कंपनीच्या दप्तरात या शिक्षेचे नाव ‘गोदना’ असेच आहे. ती १८४९ मध्ये बंद झाली.

भारताबाहेर मात्र पुरावा प्रत्यक्ष शरीरांचा आहे. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या ‘ओट्झी’ या पुरुषाच्या अंगावर ६१ खुणा मोजल्या गेल्या आहेत. त्याचा काळ सुमारे इ. स. पू. ३३०० धरतात. बहुतेक खुणा म्हणजे समांतर रेघा आणि काही ठिकाणी फुल्या. घोटे, गुडघे, कंबर अशा झिजणाऱ्या जागी त्यांपैकी बऱ्याच असल्याने त्या दुखण्यावरील उपचार असाव्यात, असे मत आहे. चिली देशातील चिंचोरो संस्कृतीच्या एका ममीच्या वरच्या ओठावर ठिपक्यांची मिशी गोंदलेली असून ती ओट्झीहून जुनी असल्याचे अनेक वर्षे छापले जात होते. घोटाळा कालगणनेचा होता. किरणोत्सर्गी कार्बनाने काढलेले वय ‘आजपूर्वी इतकी वर्षे’ असे होते, ते ‘इ. स. पू.’ समजून उतरवले गेले आणि मग एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात गेले. २०१६ च्या सुमारास ही चूक दाखवून देण्यात आली, तरी जुना आकडा अद्याप आढळतो. ईजिप्तमधील गेबेलीन येथील दोन ममी ओट्झीच्याच आसपासच्या काळातील होत. त्यांपैकी पुरुषाच्या दंडावर रानबैल व रानमेंढा आहे. साधा काळा डाग वाटणारी ही चित्रे अवरक्त प्रकाशात उमटली (प्रसिद्धी २०१८). ज्ञात चित्ररूप गोंदणांत ती सर्वांत जुनी आहेत.

भारतात गोंदण का सुरू झाले, याविषयी सर्वांत जास्त सांगितली जाणारी कथा अशी : परकीय आक्रमकांनी मुली पळवू नयेत म्हणून त्यांना मुद्दाम विद्रूप केले. ही उपपत्ती जपून घ्यावी लागते. अरुणाचल प्रदेशातील आपातानी स्त्रियांच्या चेहऱ्यावरील गोंदणाविषयी हीच कथा शेजारच्या जमातीच्या हल्ल्यांच्या संदर्भात सांगतात, आणि म्यानमारच्या चिन स्त्रियांविषयी सांगताना आक्रमकांच्या जागी राजा येतो. पळवणारा बदलतो, कथेचा सांगाडा तोच राहतो. शिवाय गोंदण नसलेली मुलगी सासरी बोलणी खाते, म्हणजे जिथे चाल आहे तिथे गोंदण रूपात भर घालणारेच समजतात. ही कथा चाल मागे पडू लागल्यावर, तिचे समर्थन म्हणून रचली गेली असावी. मध्य प्रांतातील जाती-जमातींवर ग्रंथ लिहिणारे रसेल व हिरालाल (१९१६) यांनी तेथील गोंदणामागे जादूचा हेतू पाहिला आहे : अवयवाला बळ यावे, इजा टळावी. विंचवासारख्या आकृतींना हे मत बरे लागू पडते, तुळशीवृंदावनाला तितकेसे नाही. मेल्यावर सगळे दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत मात्र महाराष्ट्रापासून छत्तीसगडपर्यंत सर्वत्र आढळते.

महाराष्ट्रात भुवयांच्या मध्ये व हनुवटीवर ठिपके, हातावर तुळस, विंचू, फूल, राम-सीता, पुरुषांच्या मनगटाच्या वर स्वतःचे नाव, हे नेहमीचे प्रकार. गोंदणाऱ्या स्त्रिया बहुधा भटक्या जमातींतल्या. कर्नाटकात व लगतच्या भागात किळ्ळेक्यात (चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे), दक्षिणेत कोरव, छत्तीसगडात देवार जमातीच्या स्त्रिया हे काम करीत. मध्य प्रदेशाच्या मंडला, दिंडोरी भागातील बैगा आदिवासींसाठी बादी जमातीच्या स्त्रिया गोंदतात. बैगा मुलीचे कपाळ आठ-दहा वर्षांच्या सुमारास गोंदले जाते, पाठ, हात व पाय पुढे टप्प्याटप्प्याने. मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ मध्ये त्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. छत्तीसगडातील रामनामी पंथाचे गोंदण याहून निराळे. मंदिरप्रवेश नाकारलेल्या दलितांत १८९० च्या दशकात परसुराम यांच्या प्रेरणेने तो पंथ उभा राहिला, आणि अनुयायांनी ‘राम’ ही अक्षरे कपाळापासून पायापर्यंत गोंदवून घेतली. येथे नक्षी नाही, केवळ लिपी आहे.

द्रव्य जवळजवळ सगळीकडे काजळीच. बैगांत ती रामतिळाच्या म्हणजे कारळ्याच्या तेलाची, तमिळनाडूत हळद व हादग्याचा पाला फडक्यात गुंडाळून केलेल्या वातीची. तीन, पाच किंवा सात सुया दोऱ्याने एकत्र बांधून आधी रेखलेल्या आकृतीवर टोचतात. त्यानंतर हळद व तेल लावतात.

द्रव्य बाह्यत्वचेखालच्या थरात, सुमारे १ ते २ मिलीमीटर खोल बसावे लागते. बाह्यत्वचा सतत झडत असल्याने वर राहिलेले टिकत नाही. रंगकण भक्षक पेशी गिळतात पण पचवू शकत नाहीत. अशी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. उंदरांवरील प्रयोगांत (२०१८) हे दिसून आले. गोंदण टिकते ते असे हात बदलत. काळ्या काजळीचे गोंदण निळसर-हिरवे दिसते, कारण त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशात कमी तरंगलांबीचा भाग अधिक विखुरतो. मराठीत ‘हिरवे गोंदण’ म्हणतात, त्यात हिरवा रंग नसतो.

विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे एकस्व (पेटंट) सॅम्युएल ओरायली याने १८९१ मध्ये न्यूयॉर्क येथे घेतले. एडिसनच्या विद्युत् लेखणीवरून ते सुचले होते. जत्रांत बॅटरीवर चालणारी यंत्रे आल्यावर महाराष्ट्रात गोंदणारणींचे काम कमी होत गेले. एकच सुई अनेकांना वापरल्यास हिपॅटायटिस बी व सी आणि एचआयव्ही यांचा संसर्ग संभवतो. म्हणून भारतात गोंदवून घेतल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. सैन्यभरतीत हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतील बाजूचे व तळहाताच्या मागचे गोंदण चालते. आदिवासी उमेदवारांना रूढीनुसार सवलत आहे.