फळाचं आमिष (गोड्या पाण्यातली गळाची मासेमारी)

तळं, नदी किंवा धरणाच्या पाण्यात गळ टाकताना गांडूळ, कोळंबी असलं काही न लावता फळ लावायचं, अख्खं किंवा तुकडा, याला फळाचं आमिष म्हणतात. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि फणसाचा तो गरा, त्यामुळे 'गरीला गरा' हा विनोद काठावर कोणीतरी करतंच. खाडीवर मात्र हे घेऊन जाऊ नका, तिथे कोळंबीच लागते.

मासा फळ खातो कशाला, तर काठावरच्या झाडाची फळं पाण्यात पडत असतात म्हणून. सह्याद्रीतल्या नद्यांवर उंबर आणि जांभळं वाकलेली असतात, खाली महसीर मासा वाट बघत असतो, आणि उंबर म्हणजे तर दुहेरी मेजवानी कारण उंबर फोडलं की केंबरं निघणारच, म्हणजे फळाबरोबर किडेही फुकट. रोहू, मृगळ, गवत्या (ग्रास कार्प) हे सगळे कार्प गटातले, यांच्या जबड्यात दात नसतात, दात असतात घशात, तिथे ते मऊ फळ चिरडतात. गवत्या तर पक्का शाकाहारी, 1959 साली बाहेरून भारतात आणला तोच गवत खाण्यासाठी. मरळ मात्र शिकारी, त्याच्यासमोर केळं धरून काही उपयोग नाही, तिथे बेडूक किंवा छोटा मासाच पाहिजे.

या बाबतीतले खरे उस्ताद अॅमेझॉनमध्ये आहेत. पावसात तिथलं जंगल पाण्याखाली जातं आणि तांबाकी, पाकू हे मासे झाडांखाली फिरून फळं, बिया फोडून खातात, दात अगदी माणसाच्या दाढांसारखे. काही बिया पोटातून तशाच बाहेर पडतात, म्हणजे झाडं लावायचं कामही मासाच करतो. तिथले मच्छीमार काठीला दोरी आणि वजन बांधून पाण्यावर टप टप आपटतात, माशाला वाटतं फळ पडलं. यातल्याच पाकूचा एक प्रकार आपल्याकडे रूपचंद नावाने बाजारात येतो, आणि नवख्या गिऱ्हाईकाच्या गळ्यात पापलेट म्हणून मारलाही जातो!

मुंबईत गोड्या पाण्यावर गळ टाकायचा म्हणजे मुख्यतः पवई. विहार (1860) आणि तुळशी (1879) ही दोन्ही पिण्याच्या पाण्याची तळी जंगलात आहेत, तिथे मासेमारी करायचीच नाही. पवईचं तळं 1890 च्या आसपास बांधलं पण पाणी पिण्यालायक निघालं नाही. तिथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, त्यांचे नियम विचारूनच बसायचं, आणि तळ्यात मगरी आहेत त्यामुळे पाण्यात पाय सोडून बसायची हौस घरी ठेवून यायची.

आता फळं. केळं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात त्रासदायक, कारण पिकलेलं असलं तर गळ फेकताना हातातून सुटायच्या आत तुकडा मागे पडलेला असतो. म्हणून थोडं कच्चं घ्यायचं, साल काढायची नाही, बोटाच्या पेराएवढी चकती कापायची, गळ सालीतून घालून गरातून फिरवून परत सालीतून बाहेर काढायचा आणि वरून शिवणाच्या दोऱ्याचे दोन वेढे. गळाचं टोक उघडं राहिलं पाहिजे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डझनभर वेलची केळी नेली, त्यातली आठ पाण्यात आणि चार माझ्या पोटात गेली, मासा शून्य. जांभूळ बरं, साल चिवट असते, शिशाचं वजन न लावता नुसतं सोडलं की झाडावरून पडल्यासारखं जातं, फक्त बोटं जांभळी होतात. तुती अमेरिकेत कार्पसाठी खूप वापरतात. छोटे टोमॅटो गवत्यासाठी चालतात आणि गळावर घट्ट बसतात. फणसाचा गरा वासाला जबरदस्त, पण तंतू सुटतात.

फळाचा एक फायदा म्हणजे तिलापिया माशाची पिल्लं कणकेच्या गोळीचा दोन मिनिटांत फडशा पाडतात, तसं सालीसकट फळाचं होत नाही. पण खरं सांगायचं तर पवईला मी दहातल्या आठ वेळा कणीकच लावतो.

आधी चारा टाकून मासा गोळा करतात त्यातही सडकी फळं घालणारे आहेत, ते चूक. साचलेल्या पाण्यात अन्न कुजलं की ऑक्सिजन संपतो. वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपक्षात लोक पिंड, भात सोडतात आणि नंतर मेलेले मासे तरंगतात, ते याचमुळे. तसंच गेळफळाचं. हे फळ ठेचून पाण्यात टाकलं की मासे गुंगून वर येतात, काही गावांत ही जुनी पद्धत आहे, पण त्याला आमिष म्हणत नाहीत. पाण्यात विष कालवून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे.

अख्ख्या फळाची कटकट नको असेल तर नुसता वास वापरतात. विलायतेत कार्पसाठी पीठ आणि अंडं मळून उकडलेल्या गोळ्या मिळतात, स्ट्रॉबेरी, अननस अशा वासांच्या. आपल्याकडे केकमध्ये घालतात तो अननसाचा इसेन्स कणकेत दोन थेंब पुरतो. कणीक घरच्या परातीत मळू नका, पुढचे चार दिवस चपातीला अननसाचा वास येतो आणि त्यावरून घरात जे ऐकावं लागतं ते वेगळंच.