पीएपीआरची टेस्टिंग आणि मान्यता: अर्ज कोणी करायचा, कागद कुठले लागतात (सोलापूरच्या छोट्या युनिटवाल्यांसाठी)

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत युनिफॉर्म शिवणाऱ्याला पीएपीआरचं हूड (डोकं-चेहरा झाकणारी सैल टोपी) शिवणं काही अवघड नाही, मशीन आहेत कारागीर आहेत, पण हूड शिवलं म्हणजे पीएपीआर झालं असं नसतंय बघा आणि अर्जात सगळा गोंधळ इथंच होतो. पीएपीआर (पॉवर्ड एअर प्युरिफाइंग रेस्पिरेटर) म्हणजे कमरेला बॅटरी आणि ब्लोअर, तो हवा फिल्टरमधून ओढून पाइपने हूडमध्ये सोडतो, टीबी वॉर्डात ड्युटी करणाऱ्यांना किंवा दाढीमुळं एन ९५ नीट बसत नाही त्यांना हे बरं पडतं. टेस्ट होते ती या अख्ख्या सेटची. फिल्टर नावाजलेल्या कंपनीचा घेतला आणि त्याचं सर्टिफिकेट अर्जाला जोडलं, म्हणून तुमचा सेट पास होत नाही.

आधी माल कुठं विकायचाय ते ठरवा. अमेरिकेसाठी नायॉशची (तिथली सरकारी संस्था, श्वसन-मास्कना हीच मान्यता देते) मान्यता लागते, नियम ४२ सीएफआर भाग ८४. त्यात २०२० साली पीएपीआर १०० हा नवीन क्लास आला, मुख्यतः हॉस्पिटलसाठी, कारण जुन्या क्लासमधली सिलिका धुळीची टेस्ट खाणी-कारखान्याच्या हिशोबाने होती. त्यात एन आणि पी असे दोन प्रकार, एन म्हणजे तेलकट कण नसलेल्या ठिकाणी, पी म्हणजे तेलकट कण असले तरी चालतो. युरोपसाठी २०१६/४२५ हा नियम, जंतूंपासून बचावाचं साहित्य कॅटेगरी ३ मध्ये येतं, म्हणजे स्वतःच सीई (युरोपात विकायला लागणारा शिक्का) छापून मोकळं होता येत नाही, नोटिफाइड बॉडीकडंच (तिथल्या सरकारांनी नेमलेली तपासणी संस्था) जावं लागतं. स्टँडर्ड ईएन १२९४१, त्यात टीएच१, टीएच२, टीएच३ हे तीन क्लास, आत गळती अनुक्रमे १०, २ आणि ०.२ टक्क्यांपर्यंत चालते. आणि आपल्याकडच्या एनएबीएल लॅबचा (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली लॅब) रिपोर्ट हा रिपोर्टच असतो, मान्यता नव्हे. पैसे भरायच्या आधी त्या लॅबच्या स्कोपमध्ये (मान्यता मिळालेल्या टेस्टच्या यादीत) नेमकी पीएपीआरचीच टेस्ट आहे का ते बघा, आयएस ९४७३ चा रिपोर्ट दाखवून कोणी गळ्यात मारत असेल तर ते स्टँडर्ड साध्या फिल्टरवाल्या हाफ मास्कचं आहे, हूडला त्याचा उपयोग नाही.

अर्ज कोण करू शकतं? ज्याच्या ताब्यात डिझाइन आणि उत्पादनाची क्वालिटी आहे तो. परदेशी कंपनीलाही नायॉशकडं अर्ज करता येतो, पण नुसत्या ट्रेडरला दुसऱ्याचा माल आपला म्हणून पुढं करता येत नाही. तुम्ही फक्त हूड शिवून देत असाल तर अर्जदार तुम्ही नाही, ब्लोअरसकट सेट बनवणारा अर्जदार आणि तुम्ही त्याचे सप्लायर, त्याच्या क्वालिटी प्लॅनमध्ये तुमचं युनिट येणार.

घरचे कागद म्हणजे पॅन, जीएसटी, उद्यम (हे फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका) आणि एक्सपोर्ट असेल तर आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर). खरं काम टेक्निकल फाइलचं. प्रत्येक पार्टचं ड्रॉइंग, मटेरियलची यादी, धोक्यांचं मूल्यमापन, क्वालिटी कंट्रोल प्लॅन, वापराच्या सूचना, लेबलचा नमुना आणि तुम्ही स्वतः आधी करून घेतलेल्या टेस्टचे आकडे. नायॉशला हे आधीचे आकडे लागतातच, तिथं पाठवून मग बघू काय होतंय हा हिशोब चालत नाही. सॅम्पलही हातानं खास बनवलेलं नको, नेहमीच्या उत्पादनाच्या डाय-मशीनवरचंच पाहिजे. आणि किती नग पाठवायचे ते तेच कळवतात, आधीच पेटी भरून पाठवू नका.

लॅबमध्ये खरे जंतू सोडत नाहीत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मिठाचे किंवा तेलाचे बारीक कण सोडून फिल्टर तपासतात, युरोपच्या टेस्टमध्ये माणूस हूड घालून चेंबरमध्ये ट्रेडमिलवर चालतो आणि आत किती गळतंय ते मोजतात, तेही तुम्ही लिहिलेल्या कमीत कमी फ्लोवर. नायॉशला सैल हूडसाठी मिनिटाला किमान १७० लिटर हवा लागते, घट्ट बसणाऱ्या मास्कला ११५, आणि हूडमधला आवाज ८० डेसिबलच्या वर नको. त्यामुळं माहितीपत्रकात आकडे फुगवून लिहू नका, त्याच आकड्यांवर तुम्हाला तपासतात. एक गोष्ट सूचनांमध्ये स्पष्ट लिहा, हूडमधून बाहेर पडणारा श्वास सहसा फिल्टर होत नाही, ऑपरेशन थिएटरवाले हे विचारतात.

सॅम्पल बाहेर पाठवताना घोडं अडतं ते बॅटरीपाशी. लिथियम बॅटरीचा यूएन ३८.३ रिपोर्ट (वाहतुकीत बॅटरी सुरक्षित आहे याची टेस्ट) नसेल तर कुरिअरवाले पार्सल घेत नाहीत, म्हणून तो बॅटरी सप्लायरकडून ऑर्डर देतानाच लिहून मागा.

युरोपचं सर्टिफिकेट जास्तीत जास्त ५ वर्षांचं, रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या आधी १२ ते ६ महिन्यांच्या दरम्यान करायचा. शिवाय उत्पादनावर दरवर्षी सॅम्पल तपासणी नाहीतर क्वालिटी ऑडिट, यातलं एक घ्यावंच लागतं. मधेच कापड स्वस्त मिळालं म्हणून हूडचं मटेरियल बदललं, पाइपचा जोड बदलला, तर आधी मान्यता देणाऱ्या संस्थेला कळवून मंजुरी घ्यायची आणि मगच तो माल बाहेर काढायचा.