टॉवरसमोरची मोकळी जागा म्हणजे सार्वजनिक जागा नव्हे

ऑफिस टॉवरच्या प्रेझेंटेशनमध्ये एक चित्र ठरलेलं असतं, काचेचा टॉवर, खाली चकचकीत ग्रॅनाइट, हातात फुगा धरलेलं एक पोरगं आणि कोपऱ्यात लिहिलेलं ‘पब्लिक प्लाझा’. ऑफिसच्या आवारात फुगा घेऊन कोण फिरतं देव जाणे, पण ते जाऊदे. माझं डोकं फिरतं ते त्या ‘पब्लिक’वर, कारण चित्रात बहुतेक वेळा असते ती नुसती मोकळी जागा.

मोकळी जागा काय असते ते सगळ्यांना माहितीये. सामासिक अंतर (इमारत आणि प्लॉटची हद्द ह्यांमधली मोकळी पट्टी) सोडायचं, फायर इंजिनला वळायला वाट ठेवायची, गाड्यांचा ड्रॉप-ऑफ, चार झाडं, प्लॅनवर हिरवा रंग मारला की झालं. सार्वजनिक जागा म्हणजे टॉवरमध्ये ज्याचं काडीचं काम नाही असा माणूस तिथे येऊन तासभर बसला तरी ‘कोणाकडे आलात?’ असं त्याला कोणी विचारायचं नाही. क्षेत्रफळ, हिरवळ, कारंजं ह्यांनी ह्यात काहीच ठरत नाही, कारंज्याने तर मुळीच नाही.

बरेच जण म्हणतात की जमीन खासगी म्हणजे जागा खासगी, विषय संपला. तसं नसतं. न्यूयॉर्कमधलं झुकोटी पार्क बघा, मालक खासगी कंपनी, पण शेजारच्या टॉवरच्या परवानगीबरोबर ते चोवीस तास लोकांना खुलं ठेवायचं बंधन आलं. महापालिकेच्या बागा रात्री बंद होतात, हे पार्क होत नाही, म्हणून 2011 मध्ये ऑक्युपाय वॉल स्ट्रीटवाल्यांना, म्हणजे बड्या बँका आणि आर्थिक विषमतेविरुद्ध आंदोलन करणाऱ्यांना, तिथे मुक्काम ठोकता आला. शेवटी तंबू आणि झोपणं ह्यावर बोट ठेवून त्यांना उठवलं, ती गोष्ट वेगळी. पण सरकारी बागेपेक्षा खासगी जागा जास्त वेळ उघडी, हे मालकीवर अडून बसणाऱ्यांच्या गळी उतरत नाही.

आता खरी गोम. ‘लोकांना खुलं’ ह्या दोन शब्दांत दोन वेगळे हक्क लपलेले असतात, एक जायचा आणि एक थांबायचा, आणि आर्किटेक्टपासून पत्रकारापर्यंत सगळे ते एकच धरून चालतात. हाँगकाँगमधली एचएसबीसीची मुख्य इमारत, आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरची, 1985 ची. तिचा तळमजला जवळजवळ सगळा मोकळा ठेवलाय, अख्खी बँक डोक्यावर आणि खालून माणसं आरपार. वाढीव चटईक्षेत्र (म्हणजे जास्त बांधकामाची मुभा) मिळालं त्याच्या बदल्यात ती जागा लोकांच्या वापराला दिली, पण दिली ती पायी ये-जा करण्यासाठी. रविवारी घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायका तिथे पुठ्ठे अंथरून दिवसभर बसतात, गप्पा, डबे, पत्ते, आणि बघणाऱ्याला वाटतं ह्याहून सार्वजनिक जागा ती काय असणार. मग 2011 मध्ये तिथेही आंदोलकांनी तळ ठोकला, बँक कोर्टात गेली, 2012 मध्ये कोर्टाने जागा खाली करायला लावली. म्हणजे हक्क होता तो ओलांडून जायचा, बसणं चालतंय ते मालक कानाडोळा करतोय म्हणून. एरवी दोन्ही गोष्टी डोळ्यांना अगदी सारख्या दिसतात, फरक कळतो तो मालकाची मर्जी फिरते त्या दिवशी. म्हणून डिझाइन सुरू करायच्या आधीच अटींचा कागद मागा, त्यात वेळ काय लिहिलीये, बसायचा उल्लेख आहे की फक्त पादचारी मार्ग, गेट लावायची मुभा आहे का, हे सगळं वाचा आणि मगच प्लॅनवर ‘प्लाझा’ लिहा.

आणि कागदावर थांबायचा हक्क असला तरी बांधकामातच तो मारून टाकता येतो, हे त्याहून वाईट. न्यूयॉर्कने 1961 च्या नियमात दाट भागांसाठी गणित मांडलं, एक चौरस फूट प्लाझा द्या आणि दहा चौरस फूट जादा बांधा. डोळ्यांसमोर नमुना होता तिथल्याच 1958 च्या सीग्राम बिल्डिंगचा, आर्किटेक्ट मीस फान डेर रोहेची, रस्त्यापासून बरीच मागे सरकलेली. बिल्डरांनी जागा सोडल्या की हो, पण कोरड्या ठणठणीत, रस्त्यापासून वर उचललेल्या नाहीतर खड्ड्यात घातलेल्या, बसायला काही नाही आणि कट्टा असलाच तर त्यावर खिळे. विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने कॅमेरे लावून ह्या प्लाझांचं निरीक्षण केलं आणि निघालं काय, तर बसायला जागा असेल तिथे लोक बसतात! हसू येतं, पण त्याच कामातून 1975 मध्ये नियम आला की दर तीस चौरस फूट प्लाझामागे एक फूट लांबीची बैठक हवी. सीग्रामच्या पाण्याकडेचे कट्टे तर बसण्यासाठी म्हणून केलेलेही नव्हते, फक्त उंची आणि रुंदी बुडाला जमणारी होती, लोक बसले.

त्यामुळे माझा हट्ट साधा आहे, प्लाझा फुटपाथच्या लेव्हललाच पाहिजे. तीन-चार पायऱ्या चढल्या की तो टॉवरचा ओटा होतो आणि पोडियमवर (टॉवरखालच्या रुंद, बुटक्या मजल्यांच्या छतावर) नेला की टॉवरवाल्यांची गच्ची, बोर्डावर काहीही लिहा. लंडनच्या 20 फेन्चर्च स्ट्रीट ह्या टॉवरमधलं स्काय गार्डन, 2015 मध्ये उघडलेलं, परवानगी मिळवताना लोकांसाठीची बाग म्हणून मांडलेलं. पस्तिसाव्या मजल्यावर, फुकट आहे, पण साधारणपणे आधी बुकिंग करायचं, मग बॅग तपासून लिफ्ट. छान जागा आहे, मजा येते, पण ही सार्वजनिक जागा असेल तर मग म्युझियमची लॉबीपण आहे. माझ्या लेखी ते फुकट तिकिटाचं आकर्षण.

वाऱ्याचं मात्र बघा हां. उंच टॉवर वरचा वारा अंगावरून खाली ढकलतो आणि नेमका तुमच्या बाकावर आणून सोडतो, त्यामुळे मॉडेलची विंड टनेल टेस्ट (बोगद्यात वारा सोडून घेतलेली चाचणी) प्लाझा ठरवायच्या आधी करा, नंतर करून नुसत्या काचेच्या आडभिंती उभ्या राहतात. सरकवता येणाऱ्या खुर्च्या द्या, चोरीला जातील म्हणून ओरडणारे प्रत्येक मीटिंगमध्ये असतात, त्यांना न्यूयॉर्कचं पॅली पार्क दाखवा, 1967 पासून तिथे सुट्या खुर्च्या आहेत. आणि टॉयलेट. ग्राउंडला, बाहेरून दार असलेलं, सिक्युरिटीच्या अलीकडे. प्लॅनमध्ये ते लॉबीच्या आत दिसलं की बाकीची ड्रॉइंग्ज मी उघडतच नाही.