कारेता (कोस्टा रिकातील रंगीत बैलगाडी)

कारेता : मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशाची पारंपरिक बैलगाडी. राजधानी सान होसेच्या वायव्येकडील, आलाहुएला प्रांतातले सार्ची हे गाव या गाड्यांसाठी प्रसिद्ध आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मध्य खोऱ्यातली कॉफी डोंगर उतरून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पुंतारेनास बंदरात जाई ती याच गाड्यांतून. या प्रवासाला दहा ते पंधरा दिवस लागत. पावसाळ्यात वाटेवर इतका चिखल होई की आऱ्यांचे चाक त्यात रुतून बसे. त्यामुळे इथल्या सुतारांनी बिनआऱ्यांचे भरीव चाक पसंत केले. लाकडाच्या पाचरी एकमेकींना घट्ट भिडवून गोल जुळवायचा आणि त्यावर लोखंडी धाव चढवायची, अशी त्याची घडण. चिखल कापत जाणारे हे चाक म्हणजे मेक्सिकोतल्या प्राचीन ॲझ्टेक लोकांची भरीव चकती आणि स्पॅनिशांचे आऱ्यांचे चाक यांचा मेळ मानला जातो.

गाडी रंगवण्याची प्रथा त्या मानाने अलीकडची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. चाकाच्या भरीव तोंडावर मधल्या तुंब्यापासून निघणारी टोकदार चांदणी, तिच्याभोवती पाने, फुले आणि बारीक वळणदार रेघा काढतात. मागची जमीन बहुधा नारिंगी-तांबडी असते. पूर्वी प्रत्येक भागाची नक्षी वेगळी असे, चाक पाहिले की गाडी कुठली ते कळे. आवाजाचेही तसेच. गाडी हिसके खात चालली की लोखंडी कडे तुंब्यावर आपटून किणकिणे आणि प्रत्येक गाडीचा नाद निराळा असे. मालकाला या नादाचा मोठा अभिमान. नक्षीची वाखाणणी सगळेच करतात, पण कारेता डोळ्यांइतकीच कानांसाठीही घडवलेली आहे, हे विसरता कामा नये.

बैल जुंपण्याची रीत महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळी वाटेल. आपल्याकडे जू मानेवर असते, तिथे ते शिंगांना चामडी वादीने बांधतात. ‘बोयेरो’ म्हणजे गाडीवान बहुधा गाडीत बसत नाही. हातात लांब पराणी घेऊन तो बैलांच्या पुढे चालतो.

रेल्वे आणि पुढे ट्रक आल्यावर गाडीचे मालवाहतुकीचे काम संपत गेले. 1988 मध्ये सरकारने कारेतेला श्रमाचे राष्ट्रीय प्रतीक ठरवले. 2005 मध्ये युनेस्कोने गाडीवानी आणि कारेता या परंपरेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात गौरव केला आणि 2008 मध्ये तिचा प्रातिनिधिक यादीत समावेश झाला. सार्चीत आज पर्यटकांसाठी लहान गाड्या, ट्रे आणि शोभेच्या वस्तू त्याच नक्षीत रंगवल्या जातात. कारागिरांचे पोट त्यावर चालते, हे चांगलेच. परंतु परंपरेचा कस लागतो तो मिरवणुकीत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी सान आंतोनियो दे एस्कासू येथे गाडीवानांचा दिवस साजरा होतो. त्या दिवशी सजवलेल्या जोड्या रस्त्यावर येतात आणि मोठ्यांबरोबर लहान मुलेही आपापली जनावरे घेऊन चालतात.